बाहेरचा अडसर

जगात माणसं आत येण्यासाठी दार वाजवतात. टोकावरची माणसं बाहेर जाण्यासाठी वाजवत. आणि यात काही चमत्कारिक आहे असं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाटलं नाही, यावरून काय ते समजा.

टोक म्हणजे समुद्रात घुसलेला जमिनीचा तुकडा. तिन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे आणि खाली पाणी. चौथ्या बाजूला, जिथे हा तुकडा मूळ जमिनीला चिकटलेला आहे तिथे, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत एक जाडजूड दगडी भिंत आणि भिंतीपुढे खंदक. भिंतीत ना चुना ना माती, नुसता दगडावर दगड. ती कुणी घातली हे कुणालाच ठाऊक नाही. ज्यांनी घातली ते लढले, जगले, मेले किंवा उठून गेले, आणि मागे गवत वाढलं. मग कितीतरी काळाने जहाजांतून काही माणसं तिथे उतरली. भिंतीचेच दगड उपसून त्यांनी घरं बांधली, भिंतीतल्या खिंडाराला दार लागलं, आणि दोन-तीन पिढ्यांत ती सांगू लागली की हा किल्ला आमच्या वाडवडिलांनी बांधला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण नागोबाला निदान फणा असतो. यांच्याजवळ नुसती फुशारकी होती.

या दाराचा जो राखणदार, त्याला सगळे दारनाना म्हणत. त्याचा बापही दारनानाच होता आणि आजाही. त्याचं स्वतःचं नाव बायकोलाच काय ते माहीत असावं, आणि ती त्याला 'अहो' म्हणायची.

काम साधं होतं. दिवस मावळताना दाराच्या दोन्ही झडपा ओढायच्या आणि अडसर सरकवायचा. अडसर म्हणजे माणसाच्या मांडीएवढा जाड लाकडी वासा. तो एका बाजूच्या दगडातल्या खोल भोकातून ओढून काढायचा आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेत बसवायचा. दमट हवेत लाकूड फुगे, मग गुडघ्याने एक विशिष्ट ढोसणी द्यावी लागे. अडसर बसला की दारनाना मोठ्याने ओरडे, "लावलं!" आतून कुणीतरी, बहुधा थोरल्यांच्या घरातून, उत्तर येई, "लागलं!" झालं. सकाळी उजाडताना हेच उलटं.

आता गंमत अशी, की हा अडसर दाराच्या बाहेरच्या अंगाला होता. म्हणजे दार लावणाऱ्याला बाहेर उभं राहूनच ते लावावं लागे, आणि एकदा लावलं की तो बाहेरच राही. म्हणून दारनानाचं बिऱ्हाड भिंतीच्या पोटातल्या एका खोलीत होतं, जिचं तोंड बाहेर खंदकाकडे. आत कुणाला रात्री-पहाटे बाहेर पडायचं असलं, की तो आतून दार ठोठावी आणि "नाना, उघडा" म्हणून हाका मारी.

अडसर बाहेर का? टोकावरच्या लहान मुलालाही याचं उत्तर पाठ होतं. आतून कड्या लावतात ते भित्रे. आमचे पूर्वज इतके शूर होते की त्यांना आतून कडी नकोच होती. आपल्यातलं सगळ्यांत निधड्या छातीचं घर त्यांनी निवडलं, त्याला बाहेर ठेवलं आणि सांगितलं, पहिला घाव तू घ्यायचा. ते घर म्हणजे दारनानाचं. त्याच्या घरात आतली कुणी मुलगी का देत नाही? उत्तर तयार. बाहेर उभं राहणाऱ्याचं मन सासुरवाडीसाठी आत ओढ घेऊ नये म्हणून. सभेत त्याची खुर्ची दाराशी का? सवय मोडू नये म्हणून. माणसाला एकदा मोठेपणा पांघरला, की त्याखाली काहीही झाकता येतं.

दारनाना हे सगळं मनापासून मानत होता. हसू नका. तुम्हाला लहानपणापासून कुणी सांगितलं असतं की तू सगळ्यांत शूर आहेस म्हणून ओल्यात झोपतोस, तर तुम्हीही छाती पुढे काढून ओल्यातच झोपला असता.

आणि ओल म्हणजे कसली ओल. भिंत बाहेरून खारं पाणी पिई आणि आतल्या खोलीत घाम सोडी. गादी उन्हात घातली तरी संध्याकाळपर्यंत जड होई. काड्यापेटी पेटत नसे, म्हणून ती चुलीशेजारी डब्यात ठेवावी लागे. खोलीला एकच लहानशी खिडकी, तीही खंदकाकडे नव्हे, आतल्या वस्तीकडे उघडणारी. तिच्यातून आतली कोरडी, ऊन खाणारी घरं दिसत. बायको लग्न होऊन आली ती बाहेरच्या गावातून, सुक्या घरातून. पहिल्या वर्षी ती हसून म्हणाली होती, "अहो, इथे मीठ विकत आणायला नको, भिंत चाटली की झालं." पुढे पुढे तिचं हसणं गेलं आणि खोकला आला.

डॉक्टरने छाती तपासली आणि सांगितलं, "औषध देतो, पण खरं औषध कोरडी जागा आहे." बायकोने ती शोधूनही काढली. खंदकापलीकडच्या गावात एका लाँड्रीच्या वरची खोली. खाली दिवसभर भट्टी आणि इस्त्र्या चालत, त्यामुळे वरची फरशी कायम कोमट. ती पाहून आली त्या दिवशी तिचा चेहरा उजळला होता. "अहो, अनवाणी उभी राहिले तर पाय शेकले माझे," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "भिंतीवर हात फिरवला. धूळ लागली हाताला. धूळ!"

"आणि दार कोण लावणार?" दारनानाने विचारलं.

"लावतील कुणीतरी. एवढी गल्लीभर माणसं आहेत आत."

"त्यांना अडसर माहीत नाही. आणि माझ्या बापाने, आज्याने कधी पाठ फिरवली नाही. मी लाँड्रीवर जाऊन राहू?"

त्यावर ती म्हणाली ते मात्र त्याच्या डोक्यात पुढे कायमचं रुतून राहिलं. "अहो, असं बघा. दार लागल्यावर ते सगळे अडसराच्या त्या बाजूला असतात आणि आपण दोघं नि आपली लेक या बाजूला. म्हणजे कोंडलेले ते, मोकळे आपण. मोकळ्या माणसाने निघून जायला कुणाला विचारायचं असतं का?"

"काहीतरी वेड्यासारखं बोलू नकोस," तो म्हणाला. जरा जोरातच म्हणाला.

त्याने दुसरा मार्ग काढला. तो थोरल्यांकडे गेला. थोरले म्हणजे टोकावरचं सगळ्यांत मोठं घर आणि सगळ्यांत शेवटचा शब्द. माणूस बोलायला गोड. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलायची सवय, आणि तो हात असा ठेवत की समोरचा हळूहळू दरवाजाकडे वळे. आत पाण्याच्या टाकीजवळ म्हाताऱ्या शिंप्याची दोन खोल्यांची जागा तो वारल्यापासून रिकामी पडली होती. पश्चिमेला खिडकी, कोरडी भिंत. दारनानाने ती मागितली. फुकट नव्हे, भाड्याने. बायकोला तिथे झोपू द्या, मी बाहेरच राहतो.

"नाना, तुम्ही मागताय आणि आम्ही नाही म्हणू?" थोरले म्हणाले. "जरा लोकांशी बोलतो. रीत आहे ना, म्हणून. बघू."

'बघू' हा शब्द ज्याने काढला तो फार हुशार माणूस असला पाहिजे. त्यात नकारही नाही आणि होकारही नाही, आणि ऐकणाऱ्याचं आयुष्य मात्र त्यात निघून जातं. बायको त्या 'बघू'वर जेवढं जगता येईल तेवढं जगली आणि एका ओल्या सकाळी, अडसर काढून दारनाना खोलीत परत आला तेव्हा, गेलेली होती. टोकावरचे झाडून सगळे आले. थोरले म्हणाले, "वीरपत्नी होती." लेक कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "तिला वीर नको होता, कोरडी गादी हवी होती." आणि महिना व्हायच्या आत तिने आपलं सामान उचललं आणि आईने पाहून ठेवलेली तीच लाँड्रीवरची खोली घेतली. खालीच इस्त्रीच्या कामाला लागली. जाताना म्हणाली, "बाबा, यायचं तर या. पण दारवाला म्हणून येऊ नका." तो गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

शिंप्याची जागा मात्र रिकामीच होती. दारनानाचा जीव आता तिच्यात अडकला. बायको त्या जागेसाठी थांबली आणि गेली. आता निदान आपण तरी तिथे एकदा झोपायचं, म्हणजे तिचं थांबणं अगदीच फुकट गेलं असं होणार नाही. असा काहीतरी हिशेब त्याने मनाशी घातला होता. दुःखातले हिशेब असेच असतात, दुसऱ्या कुणाला पटायचे नाहीत. तो थोरल्यांना आडून आडून आठवण करी. थोरले खांद्यावर हात ठेवत.

अशात टोकाचा मोठेपणा सरकारी पाटीवर लिहून घ्यायची टूम निघाली. पाटी लागली की पाहुणे येतील, पाहुणे आले की दुकानं चालतील. जुन्या किल्ल्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना बोलावणं गेलं. थोरले दारनानाला म्हणाले, "बाईंचं काम पार पडू द्या. पाटी लागली की पहिला मान दारवाल्याचा. तुमची खोली नक्की."

बाई आल्या. तरुण, हसतमुख, उन्हाने रापलेल्या, पायात जाड बूट. दिवसभर भिंतीला टेप लावत, खंदकात उतरत आणि दुपारी दारनानाच्या खोलीत चहाला बसत. दारनानाला त्यांचं येणं आवडू लागलं. कितीतरी दिवसांत त्या खोलीत दुसरा पेला विसळला गेला नव्हता.

"काका, हा अडसर बाहेर कसा?" बाईंनी एके दिवशी विचारलं.

दारनाना सरसावून बसला आणि त्याने शूर पूर्वजांची सगळी गोष्ट सांगितली, आजा सांगायचा तशी, हातवाऱ्यांसकट. बाई ऐकत होत्या. पेला हातात तसाच. मग त्या उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या.

"खंदकाकडे खिडकी नाही का एकही?"

"नाही. ही एवढीच."

"मग काका, बाहेरून शत्रू आला तर तुम्हाला दिसणार कसा?"

दारनानाने खिडकीकडे पाहिलं. या खोलीत तो जन्मला होता. या खिडकीतून आतली घरं बघत तो म्हातारा झाला होता. आणि हा एवढा साधा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

"आत आपली माणसं आहेत ना," तो चाचरत म्हणाला, "त्यांच्यावर लक्ष ठेवायला असेल."

"हो," बाई हळूच म्हणाल्या. "त्यासाठीच आहे."

पुढे त्यांनी त्याला आणखी एक गोष्ट दाखवली. खिडकीखाली भिंतीत एक तिरकी पन्हळ होती, खोलीतून आतल्या वस्तीकडे उतरणारी. दारनानाच्या घरात तिच्यात झाडू उभा करून ठेवत. बाईंनी तिच्या तळाशी हात फिरवला. दगड गुळगुळीत झिजलेला होता. काहीतरी, पुष्कळ वर्षं, तिच्यातून आत घसरत गेलेलं होतं. दारनानाने विचारलं नाही काय ते. त्याला वाटलं, न विचारलेलं बरं.

शेवटी सभागृहात बाईंनी सगळ्यांना जमवून सांगितलं. दारनाना दाराशी आपल्या खुर्चीवर होता. बाईंचा स्वभाव उमदा, मनात पाप नाही, आणि म्हणूनच घोळ झाला. त्यांना वाटलं की आपण या लोकांना काहीतरी मौल्यवान देतो आहोत.

भिंत आणि खंदक फार फार जुने, त्या म्हणाल्या. ते बांधणारे वेगळेच लोक, तुमचा-त्यांचा संबंध नाही. ती भिंत खरोखर बाहेरच्या शत्रूला अडवायला होती. पण दार? दार पुष्कळ नंतरचं. तुमचे पूर्वज साथीच्या रोगाने आजारी पडलेल्या जहाजांवरून आले. गावात रोग पसरू नये म्हणून त्यांना या टोकावर उतरवलं आणि जुन्या भिंतीला दार बसवून कोंडलं. म्हणून अडसर बाहेर. म्हणून पहारेकऱ्याची खिडकी आत बघणारी. त्या पन्हळीतून अन्न आत सोडत, म्हणजे कुणाला कुणाचा हात लागायला नको. "आणि तरीही तुमची माणसं जगली," बाई डोळ्यांत चमक आणून म्हणाल्या. "रोगातून उठली, घरं बांधली, इथेच राहिली. मला विचाराल तर यापेक्षा मोठं शौर्य नाही."

मागून जाळी विणणारा एकजण म्हणाला, "म्हणजे आम्ही रोगी?" आणि एकच गिल्ला झाला. बाईंना कुणी बोलू देईना. किल्लेदारांचे वंशज म्हणून सकाळी उठायचं आणि संध्याकाळी कोंडलेल्यांचे वंशज म्हणून झोपायचं, हे पचणं सोपं नव्हतं. एवढ्यात कुणाच्या तरी ध्यानात पुढची गोष्ट आली.

"मग अडसर लावणारा कोण होता?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. आयुष्यभर सभेत कुणी ज्या खुर्चीकडे पाहिलं नव्हतं तिच्याकडे सगळं टोक बघत होतं.

"बाहेरचा होता," तो जाळीवाला म्हणाला. "पगारी. आमच्या माणसांना कोंडून झोपायचा."

"अहो, पण मी..." दारनाना उठला. आपल्या बापाचा, आज्याचा, आपला स्वतःचा शूरपणा त्याच्या डोळ्यांदेखत गळून पडला होता, आणि त्याखाली काय होतं? तुरुंगाचा पहारेकरी. त्यातही असा, की ज्याचा पगार कधीच बंद झाला आणि ज्याला कुणी सांगायला आलं नाही की बाबा रे, रोग संपला, आता घरी जा. आणि एवढ्यासाठी त्याने बायकोला ओल्यात ठेवलं होतं. ही गोष्ट त्याला तिथे, उभ्या उभ्या कळली.

काही दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही. पण दार रोज लावायचं होतं, कारण ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. तो "लावलं" म्हणे. आतून उत्तर येत नसे.

मग एका दुपारी थोरले स्वतः त्याच्या खोलीत आले. त्या खोलीत पाऊल टाकायची त्यांची ती पहिलीच वेळ. दारातच त्यांनी नाकाला रुमाल लावला. "बापरे नाना, काय ही ओल," ते म्हणाले, जणू ती कालच आली होती.

बाईंना निरोप दिला होता आणि पाटीचा मजकूर टोकावरच ठरला होता. शूर पूर्वज, अभेद्य किल्ला, वगैरे. फक्त दार तेवढं बोलत होतं. पाहुण्यांनी विचारलं तर? तेव्हा असं ठरलं, की दार फिरवून घ्यायचं. झडपा उतरवून उलट्या टांगायच्या, बाहेरच्या खाचा बुजवायच्या, आतल्या बाजूला नव्या पाडायच्या आणि अडसर आत घ्यायचा. चारचौघांच्या किल्ल्याला असतो तसा.

"गवंडी आणि सुतार आहेत," थोरले म्हणाले, "पण अडसराला तुमच्याइतकं कोण ओळखतं? तुम्ही उभे राहून करून घ्या."

"आणि माझी खोली?" दारनानाने विचारलं. आडून नव्हे, सरळ.

थोरल्यांनी हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "अहो, अडसर आत गेला की तो लावणारा बाहेर कसा राहील? तुम्हीच सांगा."

यात वचन कुठे होतं? कुठेच नव्हतं. पण तहानलेल्याला ओल्या फडक्यात विहीर दिसते. दारनाना कामाला लागला. गवंड्याला खाच किती खोल हवी ते त्याने दाखवलं. सुताराबरोबर झडपा उतरवल्या, बिजागऱ्या घासून तेल पाजलं. अडसराचं टोक रंध्याने थोडं तासलं, मग थांबून त्यावर हात फिरवला. कित्येक दिवसांनी तो कामात शीळ घालत होता. बाहेरच्या जुन्या खाचांत गवंड्याने चुना भरला तेव्हा त्याने स्वतःच्या तळव्याने तो सारखा केला. आपल्या आज्याची लाज आपणच लिंपतो आहोत असं त्याला वाटलं, आणि बरंही वाटलं.

ज्या दिवशी काम पुरं झालं त्या दिवशी त्याने ट्रंक भरली. कपडे, दोन पेले, बायकोचा फोटो, तिची जाड शाल. शाल त्याने दुपारभर आतल्या उन्हात कठड्यावर वाळवली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती हलकी लागत होती. दिवस कलायला लागला तसा तो ट्रंक घेऊन दारापाशी आला. आत थोरले, जाळीवाला आणि बरीच माणसं जमली होती. नवं दार पहिल्यांदा लागायचं होतं.

त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला. थोरल्यांचा हात खांद्यावर आला.

"नाना, आज नको."

"आज नको म्हणजे?"

"लोकांच्या मनातून जायला वेळ लागतो हो. म्हणतात, ज्यांनी आमच्यांना कोंडलं त्यांच्या घरातला माणूस आमच्यातच आणून ठेवायचा? मी म्हटलं, त्यांची काय चूक? पण लोक. तुम्ही समजून घ्या."

"मग अडसर कोण लावणार?"

"पाळी लावली आहे घरटी. सोपा झालाय आता, तुमच्याच कृपेने." आणि थोरले हसले. "तुम्ही आता सुटलात नाना. आराम करा. खोलीचं बघू."

दारनानाने त्या हाताकडे पाहिलं. हात नेहमीसारखाच उबदार होता, आणि त्याला हळूहळू मागे फिरवत होता. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण त्याने शंभरदा ऐकली होती, पण ती आपल्याच खांद्यावर अशी प्रेमाने हात ठेवून येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो भांडला नाही. भांडायला शूर असावं लागतं, आणि त्याचं शौर्य नुकतंच काढून घेतलं होतं. तो ट्रंक घेऊन दोन पावलं मागे सरला. झडपा मिटल्या. आत अडसर घसरत गेला आणि खाचेत बसल्याचा आवाज आला. त्याने स्वतः तासलेलं लाकूड, त्याने स्वतः मापलेली खाच. कुठेही अडकला नाही.

"लावलं!" आतून पाच-सहा आवाज एकदम ओरडले, पोरासोरांच्या उत्साहाने. मग हशा.

आणि दारनाना, बाहेर, हातात ट्रंक घेऊन, सवयीने म्हणाला, "लागलं."

म्हटल्यावर त्याला कळलं आपण काय म्हटलं ते. त्याला स्वतःची शिसारी आली.

रात्री तो झोपला की नाही ते त्यालाच ठाऊक. उजाडताना दारावर थापा पडू लागल्या. आतून. पहिल्या बसची माणसं होती.

"नाना! उघडा लवकर! बस चुकेल!"

तो धडपडत उठला आणि दाराशी गेला. हात आपोआप उजवीकडे, अडसराच्या जागी गेला. तिथे गुळगुळीत चुना होता. अजून पुरता वाळलाही नव्हता.

"नाना, झोपलात की काय? उघडा!"

"अडसर तुमच्या बाजूला आहे," दारनाना म्हणाला.

पलीकडे पावलं, कुजबूज, लाकूड ओढल्याचा आवाज. ओढत होते, पण निघत नव्हतं. दवाने फुगलं असणार. गुडघ्याने ढोसणी दिली असती तर लगेच सुटलं असतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आता कुणीतरी शिव्या देत होतं, कुणीतरी सुताराला बोलवायला धावलं होतं. "नाना, काहीतरी करा ना!"

त्याने ट्रंक उचलली आणि खंदकावर टाकलेल्या दगडी फरशीवरून चालायला लागला. मागे थापा चालूच होत्या. वाट फार लांबची नव्हती. खंदक, मग थोडं माळरान, मग बस जिथे वळते ते झाड, मग गाव. लाँड्रीची भट्टी नुकतीच पेटली होती. एवढीच वाट होती. बायको खोकत असतानासुद्धा, दमत-थांबत, तिचा हात धरून इतकं चालता आलं असतं. तिने सांगितलं होतं त्याला. सबंध टोकावर मोकळी माणसं तीनच होती, आणि त्यातल्या एकाने दुसरीला वेड्यात काढलं होतं.

तो जिना चढला. लेकीने दार उघडलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं. ती हसली नाही आणि रडलीही नाही.

"चपला बाहेर काढा, बाबा," ती म्हणाली.

त्याने चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. फरशी कोमट होती. तो तिथेच उंबऱ्याशी उभा राहिला. मग वाकून त्याने फरशीवर हात टेकवला, भिंतीवर फिरवला. हाताला धूळ लागली.

"आईने सांगितलं होतं ना तुम्हाला," लेक म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.